तुझे जास्तीचे तीन दिवस

आई, तुला पत्र लिहायचं म्हणजे आधी साष्टांग नमस्कार आलाच. पण साष्टांग घालायला पालथं पडावं लागतं आणि हल्ली मी एकदा पालथी पडले की उठवायला माणूस लागतं. तेव्हा नमस्कार उभ्यानंच समजून घे. तुला जाऊन तीस वर्षं झाली. गेलीस तेव्हा तुझं जे वय होतं त्याहून मी आता आठ-नऊ वर्षांनी मोठी आहे, म्हणजे हिशेबानं तूच मला वाकायला हवंस. पण वाकणं तुलाही कधी सोपं गेलं नाही, म्हणून तेही सोडून देऊ. लिहायला कारण असं झालं, की शाळेनं माझ्याकडे लेखी खुलासा मागितला आहे, आणि तो लिहायला बसले की दर वेळी दोन ओळींनंतर तू येतेस आणि कागद वाया जातो. म्हटलं, आधी तुझं तुला लिहून टाकावं.

मी आपल्या मुळशीच्या खोऱ्यातच गेली अठरा वर्षं शिक्षिका आहे. चौथीचा वर्ग माझ्याकडे असतो. मागच्या खेपेला तपासणीचे साहेब आले होते तेव्हा कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, की चौथीच्या बाई बसून शिकवतात आणि मधल्या सुट्टीत नकाशांच्या खोलीत आडव्या होतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. साहेब सोमवारी पुन्हा येणार आहेत. तोवर खुलासा तयार हवा, आणि तो पटला नाही तर माझी बदली धरणाच्या पलीकडच्या अंगाला, डोंगरातल्या एका शाळेत होईल. तिथं एस.टी. जात नाही. होडीनं पाणी ओलांडायचं आणि मग दोन तासांचा चढ. तो चढ मी एकदा चढेन. दुसऱ्या दिवशी मला डोलीतून उतरवावं लागेल. म्हणजे बदली हे राजीनाम्याचंच सभ्य नाव झालं.

आमचे हेडमास्तर माझ्याहून दहा वर्षांनी लहान. परवा शाळा सुटल्यावर ते माझ्या वर्गात येऊन बाकावर बसले.

“बाई, मी तुमचा वैरी नाही,” ते म्हणाले. “काहीतरी नाव असलेला आजार लिहा. दमा लिहा, संग्रहणी लिहा. दाखला मी आणून देतो.”

“दमा लिहिला तर साहेबांपुढे धापा टाकाव्या लागतील.”

“टाका की थोड्या.”

“आणि संग्रहणी लिहिली तर?”

जुलाबांचं सोंग कसं आणायचं ते सांगावं लागू नये म्हणून ते बाकावरची शाई नखानं खरवडायला लागले. सज्जन माणूस आहे.

नाव नाही हीच खरी अडचण आहे. सकाळी जाग येते ती अशी, की जणू मला उखळात घालून कुणी कांडलंय आणि आता फक्त पाखडायचं राहिलंय. मान, खांदे, कंबर, गुडघ्यांची आतली बाजू, तळहात. आज इथं, उद्या तिथं. सूज नाही, ताप नाही. झोप लागते, पण झोपून उठल्यासारखं वाटत नाही. मधूनच डोक्यात धुकं शिरतं. परवा सत्तावीसच्या पाढ्यात मी मधेच थांबले आणि पुढचं काही केल्या आठवेना, तेव्हा पोरांनी मोठ्या आनंदानं मला हाताला धरून शेवटापर्यंत नेलं. पुण्याच्या डॉक्टरांनी हाडांचे फोटो काढले, रक्त पाहिलं, गुडघ्यावर हातोडी मारली आणि म्हणाले, “बाई, तुमची हाडं माझ्यापेक्षा चांगली आहेत.” मी म्हटलं, “मग अदलाबदल करू या.” ते हसले नाहीत. घरी कोण कोण असतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही. तेव्हा त्यांचा चेहरा एकदम उजळला, निदान सापडल्यासारखा. पौडच्या वैद्यांनी नाडी धरून ‘अंगमर्द’ म्हटलं. शब्द देखणा आहे. मी पडले शास्त्रीबुवा अण्णांची लेक; त्याचा विग्रह केला, समास ओळखला, आणि दुखणं होतं तिथंच राहिलं.

तुला यातलं काहीच सांगायची गरज नाही. तुला हे सगळं माहीत होतं, आणि एवढीशी गोष्ट कळायला माझं अर्धं आयुष्य गेलं.

मी पाच वर्षांची आहे. तू चुलीपुढं बसली आहेस. मी मागून धावत येऊन तुझ्या गळ्यात पडते आणि तू ‘स्स’ करून खांदा काढून घेतेस. एकदा नाही, दर वेळी. मग मी गळ्यात पडणं सोडून दिलं आणि मनाशी पक्कं केलं, की आपली आई आपल्याला फारशी धरून नाही. आता शाळेतल्या लहान पोरी जाताना माझ्या कमरेला मिठी मारतात, आणि मी तो ‘स्स’ गिळते. तुला तो गिळता आला नाही याचा राग मी बरीच वर्षं सांभाळून ठेवला होता. गेल्या काही वर्षांत तो कुठं ठेवला तेच आठवत नाही. धुक्याचे असेही काही फायदे आहेत.

पौडच्या त्या घरात आपण आठ माणसं. अण्णा, त्यांच्याकडे शिकायला राहिलेले चार विद्यार्थी, आत्या, तू आणि मी. आठ माणसांचं पाणी आडातून, आठ माणसांचा भात कांडण्यापासून, आणि सगळं सोवळ्यात. म्हणजे आडाचं गार पाणी डोक्यावरून घ्यायचं आणि ओलेत्यानंच चुलीपुढं बसायचं, आणि तेही मुळशीच्या श्रावणात, जिथं कोरडं लुगडंसुद्धा ओलंच असतं. आत्या अण्णांची थोरली बहीण, दहाव्या वर्षी विधवा झालेली. घरातलं सोवळं तिच्या हातात होतं आणि दुसरं काहीच तिच्या हातात नव्हतं, हे मला आता दिसतं. तेव्हा फक्त तिचा आवाज ऐकू यायचा. तू सकाळी दाराची चौकट धरून, आत्याचं स्तोत्र संपेपर्यंत नुसती उभी असायचीस. लुगडं पिळताना मधेच तुझे हात थांबायचे. “वहिनी, लुगडं आहे ते, साप नव्हे. पिळा धीटपणानं,” आत्या म्हणायची, आणि विद्यार्थी हसायचे. मीही हसायची.

त्या घरात बाईनं दिवसा आडवं व्हायला नियम होते. ताप असला तर चालेल. बाळंतीण असली तर चालेल. एरवी बाई दुपारची आडवी दिसली तर घरात कुणीतरी मेलेलं असायला हवं. आणि याखेरीज एक सोय होती, जी सोय म्हणून कुणी केलेली नव्हती. कावळा शिवला की तीन दिवस मागच्या पडवीत. कशाला हात लावायचा नाही, स्वयंपाकघराकडे फिरकायचं नाही, जेवण लांबून वाढलेलं, पाणी वरून ओतलेलं. बाकीच्या बायकांना ते तीन दिवस जाता जात नसत. तुझा चेहरा मात्र मला आठवतो. कांबळं अंथरून, भिंतीला पाठ लावून, उन्हाच्या पट्ट्यात पाय पसरून तू डोळे मिटून बसलेली असायचीस. कुणी तुझ्या जवळ यायचं नाही. म्हणजे कुणी तुझ्या खांद्यावरही पडायचं नाही.

बारावं लागलं तेव्हा अण्णांनी मला पंचांग वाचायला शिकवलं. शास्त्रीबुवा मुलीला शिकवतात म्हणून गावात कुजबुज होती आणि त्या कुजबुजीचा मला मोठा अभिमान होता. नव्या विळीसारखी मी दिसेल ते चिरत सुटले होते. त्या माघात तू शुद्ध पंचमीला बाहेर बसलीस आणि वद्य सप्तमीला पुन्हा. पौषातही असंच झालं होतं. मी पाटीवर तिथ्या मांडल्या, पुसल्या, पुन्हा मांडल्या. दुपारी पुरुषांची पंगत बसली होती, आत्या भात वाढत होती, मी मीठ-लिंबू घेऊन मागून चालले होते, आणि तू एका भिंतीपलीकडे पडवीत होतीस. मी विचारलं, आणि विद्यार्थ्यांना ऐकू जावं म्हणून मुद्दाम आवाज चढवून विचारलं:

“आत्या, आई सतराव्या दिवशीच कशी बसली? मागच्या महिन्यातही दोनदा. मी तिथ्या मांडून ठेवल्यात.”

एका विद्यार्थ्याचा घास हातातच राहिला. अण्णा पानावरची नजर न उचलता म्हणाले, “आधी मीठ वाढ.”

“काय म्हणालीस?” आत्यानं भाताचं पातेलं खाली ठेवलं. “परत म्हण.”

मी परत म्हटलं. पाठांतर चांगलं होतं माझं.

पंगत उठल्यावर आत्या पडवीच्या दाराशी गेली, आणि मी तिच्या मागं. “वहिनी, खरं काय ते सांगा.” मला वाटलं तू नाही म्हणशील, रडशील, निदान माझ्याकडे बघशील तरी. तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, “बसू द्या, वन्सं. एवढे तीन दिवस बसू द्या.”

त्यानंतर जे झालं ते आपल्याच घरात होऊ शकत होतं. अण्णांनी पोथ्या सोडल्या. विटाळ लपवला तर काय, नकळत शिवला तर काय, शिवलेल्यानं दुसऱ्याला शिवलं तर काय, याची प्रायश्चित्तं पानोपानी होती. नसलेला विटाळ आहे म्हणून सांगितला तर काय, हे मात्र कुठंच नव्हतं. असं कुणी आपण होऊन करील, हे एकाही ग्रंथकाराच्या मनात आलेलं नव्हतं. दोन दिवस अण्णा ओसरीवर पानं उलटत होते आणि विद्यार्थ्यांमध्ये दोन पक्ष पडले होते. तिसऱ्या दिवशी अण्णांनी निकाल दिला, “ग्रंथात याला दोष दिसत नाही.”

“ग्रंथ लिहिणाऱ्यांनी आठ माणसांचा स्वयंपाक केला नव्हता,” आत्या म्हणाली, आणि तिनं आपला निकाल दिला. “यापुढं मला दाखवल्याशिवाय बाहेर बसायचं नाही.”

चार पोथ्या उलगडल्या, दोन दिवस खल झाला, दोन निकाल लागले, आणि तुला बसायचं का होतं, हे एकानंही विचारलं नाही. मीही नाही. एवढ्या उपेक्षेत, एवढ्या लांबून वाढलेल्या पानावर, सणासुदीला आणि हळदीकुंकवाला मुकून जी बाई स्वतःहून अस्पर्श व्हायला तयार होते, तिला काहीतरी होत असेल, असा विचार त्या विद्वान घरात कुणाला शिवला नाही.

चौथ्या दिवशी न्हाऊन तू स्वयंपाकघरात आलीस. मी विळीवर भोपळा चिरत होते. तू चुलीत लाकूड सारलंस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, “पंचांग बरं वाचतेस हं. शिकलीस ते वाया नाही गेलं.” आवाजात राग असता तर मी ते वाक्य केव्हाच विसरले असते.

इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले, की ती शास्त्राची हौस होती, लहान वय होतं, काय बोलतोय ते कळत नव्हतं. तसं नव्हतं. तू बाहेर बसलीस की पाणी आणि भांडी माझ्यावर यायची आणि अण्णांचा धडा बुडायचा. महिन्यातून एकदा बुडाला तर मी सोसत होते. दोनदा बुडायला लागला तेव्हा मी तिथ्या मांडल्या. तुझे तीन दिवस गेले आणि माझा धडा राहिला. त्याच धड्यांवर पुढं माझं पोट उभं राहिलं.

तू मात्र गप्प बसणारी नव्हतीस. पुढची सात वर्षं ते जास्तीचे तीन दिवस तू रोजच्या दिवसांत थोडे थोडे वाटून घेतलेस. मला ते दिसत होतं, कळत नव्हतं. निम्मं भात कांडायचं आणि मुसळ टेकवून खडे निवडायला बसायचं. दोन कळशा आणायच्या आणि मग समया घासायच्या, बसून. आत्या त्याला ‘अर्धवट टाकायची खोड’ म्हणायची. दुखायला लागल्यावर तू थांबत नव्हतीस, दुखायच्या आधी थांबत होतीस. मी एकदा चिडून म्हटलं होतं, “आई, एवढंसं तर राहिलंय, संपवून का नाही टाकत?” तू म्हणालीस, “ते संपवलं तर मी संपेन. राहू दे. भात आहे, पळून जात नाही कुठं.” मला तेव्हा तो आळस वाटला होता, आणि वर बोलण्यात चतुराई. मग विषमज्वर आला. एकवीस दिवस तू अंथरुणावर होतीस, आणि ती विश्रांती घरानं विनातक्रार मंजूर केली.

माझं पुढचं थोडक्यात सांगते. तू असतानाच लग्न झालं होतं, तू गेल्यावर तीन वर्षांत नवरा गेला आणि ते संपलं. अण्णांनी मला परत आणलं, केस ठेवले, आणि आत्याशी आयुष्यात पहिल्यांदा भांडून पुण्याला ट्रेनिंगला पाठवलं. चाळिशी उलटली आणि एका पावसाळ्यात हे दुखणं सुरू झालं. पहिली चार वर्षं मी त्याच्याशी भांडले. जरा बरं वाटलं की त्या दिवशी घर सारवायचं, चार गोधड्या धुवायच्या, राहिलेल्या सगळ्या वह्या तपासायच्या, आणि मग आठवडाभर निपचित पडायचं. लेप लावले, काढे घेतले, उपास केले, मीठ सोडलं, मीठ धरलं. मग एका सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या मी ठरवलं, की आपण काही बऱ्या होणार नाही. ते एकदा ठरल्यावर फार मोकळं वाटलं. बरं व्हायचं काम डोक्यावरून उतरलं, आणि चांगलं जगायला वेळ मिळाला.

तर आता माझा दिवस असा असतो. जाग आली की लगेच उठत नाही. गोधडीतच आधी बोटं, मग मनगटं, मग घोटे फिरवते, एकेकाला हाक मारून उठवावं तसं. मग उठून बंब पेटवते. कढत पाणी तांब्या-तांब्यानं खांद्यांवर सोडते, घाई करत नाही. हे पाणी ओतताना मला रोज तुझं ते ओलेतं लुगडं आठवतं आणि मी एक तांब्या जास्त घेते. मग चालायला जाते, वळणावरच्या आंब्यापर्यंत आणि परत. पाऊस असला तर पडवीत वीस फेऱ्या. चालायचा कंटाळा आला तरी चालते, आणि हौस आली तरी आंब्यापुढं जात नाही. दुसरं जास्त अवघड आहे. वर्गात मी सुताराकडून फळा हातभर खाली बसवून घेतला, कारण हात डोक्यावर नेला की तो दिवसभर तिथंच राहिल्यासारखा दुखतो. मी खुर्चीवर बसते आणि पोरांना माझ्याकडे बोलावते. वह्या रोज दहाच तपासते. मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटं आडवी. बरं वाटेल त्या दिवशी वाटेल त्याच्या निम्मंच करते, आणि उरलेलं निम्मं बघत बसते, हे शिकायला मला सगळ्यात वेळ लागला. विसरायला होतं ते पाटीवर लिहून ठेवते. पाटी कुठं ठेवली ते शेजारणीला विचारते.

ही शेजारीण म्हणजे भातखाचरं कसणारी बाई. नवरा मुंबईला गिरणीत आहे. त्याची पत्रं मी वाचून दाखवते, उत्तरं लिहून देते. ती माझ्या दोन कळशा भरते आणि वर दोन शब्द सुनावते.

“बाई, कसं हाय आज अंग?”

“काल बरं होतं, म्हणून आज वाईट आहे.”

“काल गोधड्या धुतल्या आसतील.”

“दोनच धुतल्या गं.”

“दोन म्हंजी चार. मला काय म्हाईत न्हाई व्हय!”

खुलाशाचं मी तिला सांगितलं, दमा आणि संग्रहणीसकट. ती कळशी कमरेवरून उतरवून दारातच बसली. “दमा कशापायी? दुखतंय तर दुखतंय म्हनावं की. आमी लावनीला वाकतो ना, तवा एकीनं कंबर धरली की समद्या हुब्या ऱ्हातो. कुनाची कंबर व्हती त्ये मालकाला कळत बी न्हाई.”

“आणि मालक ओरडला तर?”

“वरडंल की. समद्यांवर वरडंल. एकीवर न्हाई वरडायचा.”

त्या पडवीच्या दाराशी आत्या उभी होती तेव्हा तुझ्या बाजूनं उभी राहायला घरात दुसरी एकच बाई होती, आणि तिच्या हातात तिथ्यांची पाटी होती.

मध्ये पाच दिवस गेले. सोमवार होऊन गेला, आता पुढचं लिहिते.

खुलासा मी रविवारी लिहिला, तीन बैठकांत, मध्ये आडवी होत होत. सरळ लिहिलं. मला सर्वांगदुखीचा जुनाट विकार आहे, त्याचे बाह्य लक्षण नाही, तो बरा होण्यासारखा नाही. मी बसून शिकवते व मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटे विश्रांती घेते, आणि त्यामुळेच उरलेला सर्व वेळ शिकवू शकते. ही सोय राहिल्यास निवृत्तीपर्यंत शिकवण्याचा माझा निश्चय आहे. हेडमास्तरांनी वाचून कपाळाला हात लावला. “बाई, निश्चय वगैरे साहेबांना कशाला सांगताय? विनंती लिहा.” मी म्हटलं, विनंती लिहिली तर ते नाही म्हणू शकतात.

साहेब आले ते थेट माझ्या वर्गात, आणि येऊन माझ्याच खुर्चीवर बसले. वर्गात एकच खुर्ची आहे. मी थोडा वेळ उभी राहिले. मग म्हटलं, “साहेब, ती खुर्ची माझ्या खुलाशातली आहे.” हेडमास्तर खिडकीबाहेर बघायला लागले. साहेब उठले, बाकावर टेकले, आणि त्यांनी कागद उघडला.

“दुखतं म्हणजे नक्की कुठं?”

“कुठं दुखत नाही ते विचारलंत तर लवकर आटपेल.”

“आणि फळा एवढा खाली का?”

“माझा हात वर जात नाही. आता पोरांचेही हात पोचतात.”

त्यांनी मागच्या बाकावरच्या एका लहानखुऱ्या पोरीला उठवलं आणि भागाकार घातला. ती ताठ चालत फळ्याशी गेली, आणि कुणी उचलून न धरता तिनं तो वरपासून खालपर्यंत सोडवला. मग दुसरी आली, मग तिसरा. चौथं गणित साहेबांनी जरा अवघड घातलं, आणि तेही सुटलं तेव्हा त्यांनी खडू झटकला. माझ्या कागदावर शेरा आला: वार्षिक परीक्षेच्या निकालानंतर विचार व्हावा. म्हणजे चढ टळला नाही, पुढं गेला आहे. आणि माझं काय व्हायचं ते आता माझी चौथी ठरवणार आहे. तसं असेल तर मला चिंता नाही. आजपासून परीक्षेपर्यंत रोज निम्मंच करून मी ते पुरं करणार आहे.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही आणि असता तरी मी पाठवलं नसतं. तुझ्या हाती ते पडायच्या आधी आत्यानं वाचलं असतं. म्हणून एक गोष्ट इथंच सांगते. कागद परत देताना साहेबांनी एका ओळीवर बोट ठेवलं. “हे तुमच्या मातोश्रींचं इथं कशाला?” हेडमास्तर आदल्या दिवसापासून तेच म्हणत होते, ती ओळ काढा. मी म्हटलं, “राहू द्या साहेब. पूर्वीचा दाखला आहे.” तेव्हा त्यांनी ती ओळ मोठ्यानं वाचली: ‘माझ्या आईस हाच विकार होता, व घरच्या मंडळींनी तो ओळखून तिला दरमहा तीन दिवस जास्तीची विश्रांती दिली होती.’

“घरचे समजूतदार होते म्हणायचे,” साहेब म्हणाले.

“होते,” मी म्हटलं.

सगळ्या खुलाशात खाडाखोड नसलेली तेवढी एकच ओळ आहे, आई, आणि तेवढी एकच खोटी आहे.